महानगराची पूर्ण शिरगणती: जबाबदारी शहराने उचलावी का?

पत्ताशोधक (चर्चाप्रस्ताव)

२०२० च्या अमेरिकी जनगणनेत कोणी गणतीबाहेर राहू नये म्हणून न्यूयॉर्क शहराने केंद्र सरकारवर विसंबून न राहता स्वतःच्या तिजोरीतून ४ कोटी डॉलर काढले. प्रत्येक महानगराने हेच करावे, असे माझे ठाम मत आहे. प्रगणक दारोदार जातो खरा, पण महानगरात अनेक दारे कागदावर नसतातच. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घराच्या तळघरात दुसरे बिऱ्हाड विनापरवाना राहत असते, त्याला स्वतंत्र क्रमांक नसतो, आणि पत्ताच यादीत नसला की जनगणनेचा अर्जही पोहोचत नाही. बाजूच्या दारावरची दुसरी घंटा किंवा भिंतीवरची जादा टपालपेटी पाहून अशी बिऱ्हाडे हुडकण्याचे काम ज्यांच्या पायाखालच्या त्या गल्ल्या आहेत, तेच करू शकतात. एवढे करूनही आपणहून अर्ज भरण्याचे प्रमाण शहरात सुमारे ६२ टक्के होते, तर देशात ६७. पुढे अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात राज्यांना लोकसंख्येनुसार मिळणाऱ्या जागांपैकी न्यूयॉर्क राज्याची एक जागा गेली, आणि ती राखायला अवघी ८९ माणसे कमी पडली. अशा वेळी खर्चाचा हिशेब किती ताणायचा?

काटेकोर

प्रस्तावाशी मी सहमत नाही. दर दहा वर्षांनी मोजणी करणे हे अमेरिकी राज्यघटनेने केंद्रावर टाकलेले कर्तव्य आहे. प्रतिनिधिगृहाच्या जागा ४३५ ठरलेल्या असल्यामुळे एका राज्याला मिळालेली जागा दुसऱ्याच्या वाट्यातून जाते, आणि ज्याची तिजोरी भरलेली त्याचीच मोजणी चोख, असा प्रकार होतो. मोजणीची अचूकता तपासणाऱ्या सर्वेक्षणाचे राज्यवार निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यांत न्यूयॉर्क राज्यात ३.४४ टक्के जादा मोजणी झाल्याचे, तर टेक्सासमध्ये १.९२ टक्के कमी झाल्याचे दिसले. टेक्सासच्या विधिमंडळाने जनगणनेच्या जनजागृतीसाठी निधी दिलाच नव्हता. मग न्यूयॉर्कने ८९ माणसांसाठी हळहळण्याचे कारण काय?

पत्ताशोधक

आपण दिलेले आकडे बरोबर आहेत, परंतु ते राज्याचे आहेत, शहराचे नव्हेत, आणि तेही निव्वळ फरकाचे आहेत. ज्याची दोन घरे आहेत तो दोनदा मोजला जातो आणि तळघरातला एकदाही मोजला जात नाही. बेरीज-वजाबाकी केली की कागदावर सगळे आलबेल दिसते. त्याच तपासणीत देशभरात हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाची) लोकसंख्या ४.९९ टक्के आणि कृष्णवर्णीय लोकसंख्या ३.३० टक्के कमी मोजली गेल्याचे आढळले. पाच वर्षांखालील मुलेही मोठ्या संख्येने सुटतात, कारण आजीकडे राहणारे मूल आपल्या अर्जात धरायचे की त्याच्या आईच्या, हे घरच्यांनाच ठाऊक नसते. ते मूल सुटले की पुढची दहा वर्षे शाळांचे आणि दवाखान्यांचे नियोजन त्याला वगळून होते. दोनदा मोजलेल्या श्रीमंतामुळे त्या मुलाची भरपाई होत नाही.

सावधपणे

दोघेही भीतीचा मुद्दा बाजूला ठेवत आहेत, आणि माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे. जनगणनेतील वैयक्तिक माहिती ७२ वर्षे गोपनीय राहते आणि ती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, असा कायदा आहे. तरीही दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबताना जनगणना खात्याचीच माहिती वापरली गेली होती. २०२० च्या अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न घालण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये अडवला, परंतु तोवर स्थलांतरितांच्या वस्त्यांत व्हायचा तो परिणाम होऊन गेला होता. शहराचा कार्यकर्ता ‘घाबरू नका’ असे सांगतो तेव्हा तो अशा गोष्टीची हमी देतो जी त्याच्या हातात नाही. म्हणून त्याने आश्वासन न देता कायदा काय सांगतो तेवढेच समजावून द्यावे, आणि तेही वस्तीतल्या ओळखीच्या माणसाच्या तोंडून आणि तिथल्या लोकांच्या भाषेत.

काटेकोर

हा मुद्दा मला पटतो. मुलांच्या बाबतीतही पत्ताशोधक यांचे म्हणणे योग्य आहे. पण त्यावर उपाय म्हणून नमुना पाहणीच्या आधारे आकडे सुधारण्याचा मार्ग होता, तो राज्याराज्यांमध्ये प्रतिनिधिगृहाच्या जागा वाटण्यापुरता सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बंद केला. कायद्यात बदल करून तो मोकळा करावा. तसे झाल्यास शहरांना एकमेकांशी चढाओढ करावी लागणार नाही.

पत्ताशोधक

नमुन्यावरून शहरात किती माणसे सुटली याचा अंदाज बांधता येईल, पण ती नेमक्या कोणत्या गल्लीत राहतात हे तेवढ्या विश्वासाने सांगता येणार नाही, आणि बालवाडी तर त्याच गल्लीत काढायची असते. पत्त्यांच्या पडताळणीचा खर्च केंद्राने सर्व शहरांना सारखा द्यावा, इथवर मी आपल्यासोबत येतो. पडताळणीसाठी पायी फिरणारी माणसे मात्र शहराचीच असावीत, हा आग्रह मी सोडणार नाही.