मदत हवी आहे: प्रेमकथांच्या कॉमिक्सवरील संहितेचा परिणाम कसा तपासावा?

अमेरिकी कॉमिक्समधील प्रेम आणि लैंगिकतेच्या चित्रणावर मी दीर्घ लेख लिहीत आहे. १९५४ च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांच्या संहितेने, प्रेमकथांतून घराचे मोल आणि विवाहाचे पावित्र्य ठसवण्याची अट घातली, आणि ‘लैंगिक विकृती’ या नावाखाली समलैंगिकतेचा सूचक उल्लेखही वर्ज्य ठरला. १९८९ मध्ये हे नियम सैल झाल्यावर १९९२ साली नॉर्थस्टार हा महानायक आपण समलैंगिक असल्याचे उघडपणे सांगू शकला. मूळ संहिता आणि तिच्या सुधारित आवृत्त्या मी वाचल्या आहेत.

अडचण त्याआधीच्या काळाची आहे. १९४७ मध्ये सुरू झालेल्या ‘यंग रोमान्स’ या प्रेमकथांच्या कॉमिक्स मालिकेपासूनच्या कथांतही बंडखोर नायिका शेवटच्या चौकटीत अनेकदा डोळ्यांत पाणी आणून ‘योग्य’ पुरुषाच्या मिठीत विसावते. त्यामुळे सगळा दोष संहितेवर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

जपानी कॉमिक्स (मांगा) आणि संहितेबाहेर छापली गेलेली भूमिगत कॉमिक्स लेखाच्या कक्षेत नाहीत. इंग्रजी साहित्य चालेल, मात्र ते ऑनलाइन वाचता यायला हवे. एकाच मासिकाचे १९५४ च्या आधीचे आणि नंतरचे अंक शेजारी ठेवून तुलना करायची झाल्यास कोणते मासिक निवडावे, आणि पुनर्मुद्रणात बदललेली चित्रे वा संवाद नेमके कसे ओळखावेत?