कंपू मोडतो तो गावात
‘वसतिगृहात जो तो आपल्या जिल्ह्याचा कंपू धरून राहतो’ असं वसतिगृहातल्या मैत्रीवरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलं, ते पहिल्या वर्षापुरतं पटतं. पण ‘रावे’चा, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाचा, उल्लेख त्या चर्चेत कुणीच केलेला नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून (स्थापना १९७२) सातव्या सत्रात आम्हाला गटाने खेड्यात राहायला पाठवलं. गट आम्ही निवडलेला नव्हता, त्यामुळे कंपू आपोआप मोडला.

ऐन पावसात एका खोलीत सहा जण. परभणीचा मित्र भाकऱ्या थापायचा, मी कुळथाची पिठी करायचो. लावणीला दिवसभर चिखलात वाकून कंबर धरली की रात्री एकमेकांना तेल चोळायचो. तीन वर्षं मेसमध्ये समोर बसून जेवलो तरी ज्याचं गाव मला ठाऊक नव्हतं, त्याच्या बहिणीच्या लग्नाला मी पुढे परभणीला चार दिवस आधी जाऊन राहिलो.