यंदाचं सरपण

(ग्रुप : गावचं घर)

*थंडी सरताना*

काका: वादळात पडलेलं झाड गेल्या आठवड्यात कापून झालं, आजपासून फोडायला घेतलंय. पहाटे अजून गारठा असतो, त्यामुळे नऊपर्यंत हात छान चालतो. ताज्या लाकडाचा वास अख्ख्या पडवीत भरून राहिलाय. समोरच्या झाडांची पानं गळून गेल्यानं ऊन थेट उंबऱ्यापर्यंत येतंय.

ताई: काका, फोटो पाठवा ना! पण आत्तापासूनच? पावसाला अजून चार महिने आहेत.

काका: म्हणूनच आत्ता. ताज्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणीच असू शकतं. नीट जळायला ते २० टक्क्यांच्या खाली यावं लागतं. बारीक फोडी या उन्हाळ्यात वाळतील. जाड ठोकळे वेगळे रचतोय, ते पुढच्या वर्षीसाठी.

दादा: ओलं लाकूड पेटत नाही का?

काका: पेटतं रे, पण बरीचशी आग स्वतःचंच पाणी आटवण्यात जाते. पातेल्यातलं पाणी उकळी यायला जेवढी उष्णता घेतं, त्याच्या साधारण सातपट ते सगळं आटून जायला लागते. ते पाणी लाकडाच्या आत असलं तर जाळ थंड पडतो, जळण अर्धवट राहतं, घरभर धूर होतो आणि धुराड्यात चिकट काजळी धरते. ती काजळी साचली की पुढे पेट घेऊ शकते. मागच्या पावसात तुझ्या आजीचे डोळे कसे लाल व्हायचे, ते मी विसरलेलो नाही. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

आत्या: गाठीवर घाव घालू नकोस हं. ओंडक्याच्या तोंडावर चीर पडलेली असते, तिच्यावर घाल. आणि मोठा ओंडका असेल तर मधोमध हट्ट धरू नकोस, कडेकडेने फोडत आत ये.

काका: हो अक्का, तसंच करतोय. खाली रुंद ठोकळा ठेवलाय, कुऱ्हाड निसटली तरी त्यातच रुतेल. पाय फाकवून उभा राहतो.

आई: भाऊजी, ढिगावर प्लास्टिक टाकलंत का? रात्री दव पडतं.

काका: वरून फक्त पत्रा ठेवलाय, वहिनी. चारी बाजू मोकळ्या. सगळं गुंडाळलं तर निघालेली वाफ आतच कोंडते आणि बुरशी येते. खाली दोन वासे टाकून त्यावर रचलंय, जमिनीची ओल लागत नाही. भिंतीपासूनही हातभर लांब, म्हणजे वाळवी घरात शिरायची नाही. लाकडातलं पाणी जास्त करून कापलेल्या तोंडांतून निघतं, म्हणून तोंडं वाऱ्याकडे केलीत.

काकू: मुलांनो, सुट्टीत याल तेव्हा ढिगात थेट हात घालायचा नाही. आधी काठीने हलवायचं. विंचवाला अशीच जागा आवडते.

*ऐन उन्हाळा*

काका: एक फोडी खूण करून ठेवली होती, दर पंधरा दिवसांनी तराजूवर घालतोय. सुरुवातीला २ किलो ६०० ग्रॅम. आज १ किलो ७५० ग्रॅम.

दादा: वा! म्हणजे वाळलं?

काका: अजून नाही. लागोपाठ दोन-तीन वेळा वजन तेवढंच आलं की समजायचं.

आत्या: आमची आई वजन कधी करायची नाही. दोन फोडी एकमेकींवर आपटायची. खणकन वाजलं की चुलीकडे, थप्प आवाज आला की परत उन्हात. मी लहानपणी तिच्याशेजारी बसून कान देऊन ऐकायचे.

काका: आज मीही आपटून बघितलं, अक्का. अजून मधलाच आवाज येतोय. पण तोंडांना चिरा पडल्यात आणि साल सुटायला लागलीय. दुपारी सगळं चिडीचूप असतं, तेव्हा ढिगातून बारीक तडतड ऐकू येते. मी तिथेच सावलीत बसून राहतो.

ताई: मला ते ऐकायचंय. मी पुढच्या आठवड्यात येतेच.

*पहिला पाऊस*

काकू: आला! चार वाजता आला. अंगणात मातीचा वास सुटलाय. पागोळ्या लागल्यात.

आई: आणि सरपण?

काका: परवाच सगळं आत घेतलं. ताई आणि मी मिळून चार तासांत रचलं. खुणेची फोडी १ किलो ५८० ग्रॅमवर तीन वेळा थांबली होती.

ताई: मी वाजवूनही बघितली, आत्या. खणकन वाजली.

आत्या: अगं, एक व्हॉइस मेसेज पाठव त्या आवाजाचा.

काकू: चूल पेटली. एका काडीत. सासूबाई जवळच बसल्यात, डोळे पुसावे लागले नाहीत.