‘करमणे’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : मी मूळची कोकणातली असून दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. शेजारच्या बायका भेटल्या की जेवणाच्याही आधी ‘करमते का मॅडम?’ असे विचारतात. शब्द माझ्या परिचयाचा आहे. पण अर्थ सांगायला बसले की ‘वेळ चांगला जातो’ यापलीकडे काही सुचत नाही आणि त्या एवढ्यासाठीच विचारत असतील असे वाटत नाही. जाणकारांनी सांगावे.

उत्तर : ताई, तुमची शंका रास्त आहे. ‘वेळ चांगला जातो’ हा अर्थ चुकीचा नाही, पण तो ‘करमणूक’ या नामाला अधिक शोभतो. ते नाम केव्हाच बाजारात गेले. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाचे नाव ‘करमणूक’ होते आणि पुढे सिनेमाच्या तिकिटावर सरकार घेई तोही ‘करमणूक कर’च. क्रियापद मात्र आमच्याकडे अजून घरातच आहे.

‘मला करमत नाही’ या वाक्यात करमण्याची क्रिया करणारा कोणीच नाही. उजाडणे, सांजावणे, मळमळणे यांच्यासारखेच हे भावकर्तृक क्रियापद आहे. ‘मी करमतो’ असे म्हणता येत नाही आणि ‘करम’ अशी आज्ञाही देता येत नाही. जेव, झोप, रडू नको, हे सगळे एखाद्याला सांगता येते. हे नाही सांगता येत. म्हणून कोणी ‘मले करमून नाही राह्यलं’ म्हटले, तर त्यात त्या माणसाचा दोष काढायला भाषेने जागाच ठेवलेली नाही, आणि ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

कंटाळा कामाचा येतो, आठवण कोणाची तरी येते. करमत नाही तेव्हा पुष्कळदा बोट ठेवून दाखवण्यासारखे काही नसते. भरल्या घरातही करमत नाही आणि कधी एकट्या झोपडीत करमते.

आत्या दिवाळीला माहेरी आली की आजी तिला चुलीपाशी बसवून विचारी, ‘करमते का वं माय तिथं?’ सासर, पीकपाणी, सोनेनाणे यांची चौकशी नंतर होई. आत्याचा ‘हो’ किती वेळाने येतो, याकडे आजीचे कान असत. एका वर्षी तो फार उशिरा आला. तेव्हा आजीने पुढे काहीही न विचारता, लेकीला आणखी पंधरा दिवस ठेवून घेतो असा निरोप सासरी पाठवायला आजोबांना सांगितले. ‘करमत नाही’ एवढेच कारण त्या घरात पुरेसे होते. आता ओळखीच्या घरांतून मी याच वाक्यावर ‘तुला कमी काय आहे?’ असा उलट प्रश्न ऐकतो, तेव्हा वाईट वाटते. कारण कमी काय आहे ते सांगता येत असते, तर त्या मुलीने हा शब्द वापरलाच नसता.

प्रश्न : आभारी आहे. पण मग हा शब्द नकारातच जास्त का ऐकू येतो? होकारात तो शोभतो का?

उत्तर : बहुधा नकारात किंवा प्रश्नातच येतो, कारण करमत असते तेव्हा ते कोणाच्या ध्यानात येत नाही. होकार येतो तो आधी करमेनासे झालेले असेल तरच. एका दुष्काळात आमच्या जोडीतला एक बैल विकावा लागला. राहिलेला बैल कुटाराला, म्हणजे भुशाला, तोंड लावीना, पेंडीची ढेप पुढे ठेवली तरी दाराकडेच बघत उभा राही. डॉक्टर येऊन तपासून गेले, ताप नव्हता. आजोबा म्हणाले, ‘त्याले करमत नाही,’ आणि त्यांनी त्याचे दावे सोडून कोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, गायीच्या शेजारी बांधले. दोन रात्री ते स्वतःही तिथेच बाज टाकून झोपले. तिसऱ्या दिवशी बैलाने अर्धे टोपले कुटार खाल्ले, तेव्हा पाठीवरून हात फिरवत ते आजीला म्हणाले, ‘आता करमते त्याले.’