मदत हवी आहे : लव्हबर्डची अंडी फुटत नाहीयेत, लवकर सांगा!

उनाड_पाखरू
घरी लव्हबर्डची जोडी आहे. मडक्यात अंडी घालून महिना होत आला, एकही फुटलं नाही. लेक शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मडक्यात डोकावते. दुकानदार फोन उचलत नाही. बल्ब लावून ऊब दिली तर चालेल का? यूट्यूबवर जो तो वेगळंच सांगतोय. प्लीज लवकर.

कातळशिल्प
बजी (लहानसा ऑस्ट्रेलियन पोपट) की आफ्रिकन लव्हबर्ड? आपल्याकडे दुकानदार बजीलाच लव्हबर्ड म्हणून विकतात. बजीचं अंडं साधारण १८ दिवसांत फुटतं, आफ्रिकनचं २३च्या आसपास. अंडी किती? पहिलं कधी घातलं? मादी बसते का? गाव कुठलं?

उनाड_पाखरू
बजीच. एक हिरवा, एक निळी. नागपूर. बसते हो, बसत नसती तर विचारलं असतं का? तारीख कोण लिहून ठेवतं!

वऱ्हाडी_ठेचा
नागपुरात अन् या उन्हात? मी तर एप्रिल लागला की मडकी काढूनच टाकतो, दिवाळीनंतर पुन्हा लावतो. पिंजरा कूलरसमोर असंल तर आधी हलव भाऊ, थेट झोत नको.

चुलीवरची_भाकर
बल्ब नक्की चालतो. आमच्याकडे कोंबडीची अंडी अशीच उबवतात. खोक्यात भुसा, वर बल्ब, तापमान ३७.५, शेजारी वाटीत पाणी. दिवसातून तीनदा अंडी फिरवायची. २१ व्या दिवशी पिल्लं बाहेर. गावठी कोंबडी असेल तर तेवढाही खटाटोप नको, खुडूक झाली की तिच्याखालीच ठेवायची.

कातळशिल्प
ताई, कोंबडीचं पिल्लू अंगावरचं सुकलं की दाणे टिपायला लागतं. बजीचं उघडंनागडं, डोळे मिटलेलं, शेंगदाण्याएवढं. त्याला आईनेच पोटातलं काढून भरवायचं. बल्बखाली फुटलंच, तर रात्रभर दर दोन तासांनी उठून कोण भरवणार?

चुलीवरची_भाकर
मी फक्त उबवण्याचं सांगितलं. पुढचं ज्याचं त्याने बघावं.

मोकळं_आभाळ
मुळात पक्षी पिंजऱ्यात कोंडायचेच कशाला? सोडून द्या.

वऱ्हाडी_ठेचा
सोडले तर संध्याकाळपर्यंत कावळे फाडतील. ऑस्ट्रेलियाचा पक्षी आहे, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला.

जास्वंद७
आमच्याकडे मिठू होता, छान बोलायचा. तोच घ्या, अंड्यांची भानगडच नाही.

कातळशिल्प
मिठू नको. देशी पोपट, मुनिया पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. उनाड, माझ्या प्रश्नांचं काय? अंडी किती? आणि दोघांच्या चोचीवर नाकपुड्यांचा जो फुगीर भाग असतो त्याचा रंग सांगा.

उनाड_पाखरू
अंडी नऊ. निळीचं नाक तपकिरी. हिरव्याचं घेतला तेव्हा निळसर पांढरं होतं, आता तेही तपकिरी पडत चाललंय. दुकानदार म्हणाला वयाने होतं. नाकाचा अंड्यांशी काय संबंध?

कातळशिल्प
संबंध तिथेच आहे. निळसर पांढरं आणि नाकपुड्यांभोवती पांढरी कडी म्हणजे तरुण मादी. अंड्यावर आली की तेच तपकिरी, खडबडीत होतं. मोठ्या नराचं एकसारखं निळं असतं. (लुटिनो म्हणजे पिवळ्या, अल्बिनो म्हणजे पांढऱ्या नराचं गुलाबी-जांभळंच राहतं, पण तुमचा हिरवा आहे.) तुमच्याकडे दोन माद्या आहेत.

सोनकी_सड्यावरची
इतक्या घाईने सांगू नका. नर आजारी असला, पोटात गाठ असली, तरी निळं नाक तपकिरी पडतं. आधी डॉक्टर.

कातळशिल्प
मान्य, पण त्या नराचं नाक आधी निळं असावं लागतं. उनाड, एका दिवसात दोन नवी अंडी कधी दिसली का? बजी एक दिवसाआड एकच घालते.

उनाड_पाखरू
हो! लेक ओरडलीच होती, दोन आली दोन आली म्हणून. पण ते दोघं एकमेकांना चारतात, हिरवा वर चढतो पण.

सोनकी_सड्यावरची
मग दोन माद्याच. नर नसला की माद्याही जोडी जमवतात, चारतात, चढतात. तरी खात्री करा. अंधारात अंड्याच्या बोथट टोकाला मोबाइलचा टॉर्च लावा. जीव असेल तर पाच-सहा दिवसांनंतर लाल शिरा दिसतात, पुढे आत काळोख. पोकळ असेल तर पिवळसर, आरपार.

पंखवेडा
त्यापेक्षा पाण्यात टाका. तरंगलं तर

कातळशिल्प
कृपा करून पाण्यात टाकू नका. एखादं चांगलं असलं तर तेही मरेल.

उनाड_पाखरू
टॉर्च लावला. सगळी पिवळी, आरपार. दुकानदाराने जोडी म्हणून पैसे घेतले होते! आता नर आणला तर हीच अंडी फलित होतील का?

सोनकी_सड्यावरची
नाही. कवच चढायच्या आधीच काय ते व्हावं लागतं.

वऱ्हाडी_ठेचा
मग फेका ती. आजच.

सोनकी_सड्यावरची
लगेच फेकू नका. अंडी काढली की ती भरपाईला पुन्हा घालते. आधीच झिजली असेल, कॅल्शियम संपलं की अंडं आत अडकतं आणि मादी जाते. कंटाळून बसणं सोडतील तेव्हा अंडी आणि मडकं दोन्ही काढा. पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेस (माकुळाचं हाड) अडकवा. नुसत्या राळ्यावर ठेवू नका, कोथिंबीर, शेवग्याचा पाला द्या.

वऱ्हाडी_ठेचा
मी तर कायम फेकतो, कधी काही झालं नाही.

सोनकी_सड्यावरची
तुमच्या किती माद्या दोन वर्षांच्या पुढे जगल्या, तेही सांगा.

पंखवेडा
कॉकटेल पोपटाची जोडी पुण्यात केवढ्याला पडेल? टेम, म्हणजे माणसाळलेली.

उनाड_पाखरू
दुकानदाराचा फोन लागला. हिरवी परत आणा, नर देतो म्हणतोय. लेक हिरवी द्यायला तयार नाही. मग तिसरा आणून तिघं एकत्र ठेवू?

कातळशिल्प
एका पिंजऱ्यात दोन माद्या, एक नर आणि मडकं, असं अजिबात नको. माद्या एकमेकींची पिल्लं मारतात. एक मादी वेगळ्या पिंजऱ्यात, नाहीतर मडकंच नको. नर आणलात तर महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. आणि नाकाचा रंग दुकानातच उजेडात बघून घ्या, दुकानदाराला विचारू नका.