नॉईज रिडक्शनचा डबा घ्यावा की आधी झटका मशीन गाठावे?

नवा श्रोता, वरुड
हौशी रेडिओच्या चाळीस मीटर बँडवर ऐकण्यासाठी अँटेनाची खटपट करत बसणे हा आता जुन्या मंडळींचा छंद उरला आहे. स्पीकरच्या जागी बाहेरून जोडण्याचा, आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा डीएसपी डबा घ्यावा, नाहीतर संगणकावर आरएननॉईज हे खरखर काढणारे सॉफ्टवेअर लावावे. आवाज स्वच्छ होतो आणि विषय संपतो.

कोरडवाहू, दारव्हा
“विषय संपतो” हे वाचून राहवले नाही. आपण ज्या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या, त्यांची कामाची पद्धत वेगळी आहे आणि फसण्याची जागाही वेगळी आहे. रेडिओतल्या एनआर, म्हणजे नॉईज रिडक्शनच्या, बटणामागे बहुधा एलएमएस हे गणिती सूत्र असते. ते आवाजाच्या मागच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना ओळखते. जे ओळखता येते ते ठेवते आणि उरलेले कमी करते. त्यामुळे खरखर घटते, पण सौर पंपाच्या कंट्रोलरची एकसुरी शिट्टीही ओळखता येण्याजोगीच असल्याने ती उलट अधिक उठून येते. त्या शिट्टीसाठी ऑटो नॉच, म्हणजे एकसुरी आवाज शोधून कापणारा फिल्टर, हवा. स्पेक्ट्रल वजाबाकी, म्हणजे खरखरीचा अंदाज घेऊन ती आवाजातून वजा करण्याची रीत, 1979 पासून माहीत आहे. तिचा जोर वाढवला की मागे किणकिण उरते आणि बोलणारा हौदात बसल्यासारखा वाटतो. आरएननॉईज 2017 चे. ते 48 किलोहर्ट्झने नमुने घेतलेल्या रुंद आवाजासाठी घडवलेले आहे, आणि आपण त्याला जेमतेम अडीच किलोहर्ट्झचा एसएसबी (हौशी रेडिओवरच्या बोलण्याची अरुंद पद्धत) आवाज देतो. स्थानक जोरात असेल तर ऐकायला छानच लागते. स्थानक खरखरीच्या पातळीला आले की स, श, फ ही अक्षरे मुळात खरखरीसारखीच असल्याने आधी तीच जातात आणि कॉलसाइन, म्हणजे स्थानकाचे सांकेतिक नाव, अर्धवट हाती येतो.

नवा श्रोता, वरुड
इतके शास्त्र ठाऊक असूनही आपण खरखर ऐकत बसता, याचे नवल वाटते. माझे वडील शेजारी झोपतात. एनआर लावल्यापासून त्यांची तक्रार थांबली, एवढा पुरावा मला पुरेसा आहे.

मोर्सप्रेमी, पुसद
मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा, ऐकणाऱ्यांना या डब्याची गरजच काय? फिल्टर 2.4 किलोहर्ट्झवरून 500 हर्ट्झवर आणला की सुमारे 7 डेसिबलचा फायदा पदरात पडतो. मात्र ऑटो नॉच चुकूनही लावू नये, तो मोर्सचा सूरच गिळतो. पण हल्ली मोर्स शिकतो कोण!

आर्वीकर
मोर्सचे रडगाणे पुन्हा सुरू झाले! माझा त्रास वेगळाच आहे. आजूबाजूच्या प्रत्येक शेतात झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारे यंत्र) बसले आहे आणि अंधार पडला की साधारण सेकंदाला एक “टक्” सुरू होतो. वरचे सगळे उपाय करून पाहिले, टक् हलत नाही. ही यंत्रे बंद ठेवायला लावली पाहिजेत.

कोरडवाहू, दारव्हा
बंद ठेवायला लावणार? तुरीत रोही (नीलगायी) शिरले किंवा रानडुकरांनी भुईमूग उकरला, तर ते नुकसान आपण भरून देणार आहात काय? माझ्याही बांधावर झटका मशीन आहे आणि ते चालूच राहील.

आर्वीकर
म्हणजे माझ्या रेडिओची राख करणारे आपणच! इतरांना एलएमएस शिकवण्यापूर्वी स्वतःचे कुंपण पाहा, भाऊ.

कोरडवाहू, दारव्हा
पाहिले आहे, म्हणूनच सांगतो. नीट बांधलेल्या तारेतून आवाज फारसा येत नाही. तो येतो सैल पिळातून, तडकलेल्या इन्सुलेटरमधून आणि तारेला टेकलेल्या गवतातून. शेतमालकाला सोबत घ्या, तारेला हात न लावता रात्री कडेने चाला आणि जवळ मीडियम वेव्हचा छोटा रेडिओ ठेवा. टक् वाढेल तिथे टॉर्च विझवून थांबा; पिळाच्या दोन तारांमध्ये निळसर ठिणगी दिसते. सकाळी मशीन बंद करून तिथे क्लॅम्प घट्ट बसवायचा. ठिणगीत वाया जाणारा झटका डुकरापर्यंत पोचतो, त्यामुळे मालकही तक्रार करत नाही. तोवर एनआर नव्हे, रेडिओतला नॉईज ब्लँकर, म्हणजे टक् येताच क्षणभर आवाज तोडणारी सोय, लावा. तो अरुंद फिल्टरच्या आधी काम करतो, कारण फिल्टरमधून गेलेला टक् पसरतो आणि मग कापता येत नाही. स्पीकरला जोडलेल्या डब्यापर्यंत तो पसरूनच पोचतो. शिवाय तोवर एजीसीने, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या सोयीने, रेडिओचा आवाज दाबलेला असतो.

नवा श्रोता, वरुड
म्हणजे डबा घेणारे मूर्ख आणि रात्री कुंपणाभोवती फिरणारे शहाणे, असेच ना?

कोरडवाहू, दारव्हा
मूर्ख कोणी म्हटले? संध्याकाळभर गप्पा ऐकायच्या असतील तर डबा कानाचा शीण वाचवतो, हे मला कबूल करावे लागते. दुर्बळ स्थानकाचा कॉलसाइन टिपताना मात्र मी तो बंदच करतो.

आर्वीकर
ब्लँकर लावला, टक् बराच दबला. पण शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचे जोरदार स्थानक सुरू झाले की ऐकतो तो आवाज फाटतो. याचेही खापर आता माझ्याच माथी फोडा.

मोर्सप्रेमी, पुसद
ब्लँकरची पातळी उतरवा. शेजारच्या जोरदार आवाजालाही तो टक् समजून कापत आहे.