उलटा, उफराटा की उरफाटा? (एका रॅपच्या व्हिडिओवरून)

पडवीतला_पंखा:
मंडळी, एक पाटी अडली आहे. रविवारी सोसायटीच्या गच्चीवर आम्ही काही भन्नाट म्युझिक व्हिडिओ दाखवणार आहोत. त्यात लॉस एंजेलिसच्या 'द फारसाइड' या चौकडीचं १९९५ चं 'ड्रॉप' आहे, दिग्दर्शक स्पाइक जोन्झ. पोरांनी गाण्याचे शब्द शेवटाकडून पाठ केले, रस्त्यात मागे मागे चालत म्हटले, आणि मग ते चित्रीकरण शेवटाकडून चालवलं. पडद्यावर ओठ बरोबर जुळतात, माणसं पुढे चालतात, पण कपड्यांपासून पावलांपर्यंत काहीतरी हुकलेलं दिसतं.

मी लिहिलं: "चौघांनी गाणं उलटं पाठ केलं, उलटपावली चालत म्हटलं आणि मग फीत उलटी फिरवली." मावशीने वाचलं आणि म्हणाली, उलटपावली चूक आहे, आणि एका वाक्यात तीनदा उलटी, डॉक्टरला बोलाव. दुसरा शब्द सुचवा.

जुनी_पेठ:
मावशी बरोबर. उलटपावली म्हणजे आल्या पावली, लगेच परत. "दाराला कुलूप पाहून तो उलटपावली निघाला." तो तोंड फिरवूनच निघतो, पाठीकडे चालत नाही.

सुरंगी:
आमच्याकडे कोकणात उलट्या पावलांची फक्त हडळ. त्या चौघांना हडळ करू नका.

पडवीतला_पंखा:
मग 'पाठमोरे चालत'?

जुनी_पेठ:
पाठमोरा म्हणजे बघणाऱ्याकडे पाठ केलेला. हे कॅमेऱ्याकडे तोंड करून चाललेत ना? 'मागे मागे चालत' लिहा, साधं आहे. आणि पहिल्या उलट्याला 'विलोम' हा सुंदर शब्द असताना इकडेतिकडे का शोधताय? १६व्या शतकातल्या दैवज्ञ सूर्यकवीचं रामकृष्णविलोमकाव्य सरळ वाचलं तर राम, विलोम वाचलं तर कृष्ण. तुमच्या रॅपवाल्यांच्या कितीतरी आधी.

ठेचा_भाकर:
विलोम लिहिलं तर गच्चीवरची पोरं उलटपावली (बरोबर वापरला ना?) खाली जातील. माझी आजी साताऱ्याची. झबलं आतली बाजू बाहेर घातलं तर 'उलटं', आणि पाठीची बाजू पोटावर आली तर 'उरफाटं'. म्हणजे दिशा चुकली की उरफाटं. पाटीला हाच शब्द हवा.

सुरंगी:
शब्द उफराटं आहे. उरफाटं कुठून आणलं?

ठेचा_भाकर:
आजीच्या तोंडून. ऊर फाटेपर्यंत ओरडायची म्हणून उरफाटं. :)

जुनी_पेठ:
लोकव्युत्पत्ती नको. र आणि फ यांनी जागा बदलल्या, वर्णविपर्यय. लखनौचं नखलौ होतं तसं.

सुरंगी:
म्हणजे उलटं या अर्थाचा शब्द स्वतःच आतून उलटलाय? मग दोन्ही बरोबर, वाद मिटला.

जुनी_पेठ:
मिटला कसा? छापील मराठीत 'उफराटा न्याय' असतो. आणि 'उलट्या काळजाचा' असतो, 'उरफाट्या काळजाचा' नव्हे. रूढीलाही शिस्त असते.

मिक्सरवाला:
मी ध्वनिमुद्रणाची कामं करतो. विलोमकाव्याचा दाखला इथे लागू नाही. आपण अक्षरं उलटवतो, यंत्र ध्वनी उलटवतं. 'चिमा काय कामाची' आपल्या लेखी उलटसुलट सारखंच...

जुनी_पेठ:
एक चि ऱ्हस्व, एक दीर्घ. सारखं नाही.

मिक्सरवाला:
...बरं, जवळपास सारखं. पण मुद्रण शेवटाकडून वाजवा: 'का'चं 'आक' होतं. नुसते वर्ण उलटे मांडले तर 'ईचामाक्याकामिच'. त्यात च हा त आणि श यांचा जोड, तोही फिरतो, म्हणून कानाला साधारण 'ईश्तामाक्याकामिश्त' येतं. 'ख'मध्ये आधी श्वास, मग क. टाळी तर आधी फुगते आणि फट्‌कन संपते. म्हणूनच 'ड्रॉप'साठी उलटे उच्चार लिहून द्यायला भाषातज्ज्ञ लागला. उलटं पाठ केलं म्हणजे पाढे उलटे म्हटले असं नव्हे! पाटीवर हे यायला हवं. २००२ साली कोल्डप्लेच्या गायकानेही 'द सायंटिस्ट'च्या व्हिडिओसाठी असंच गाणं घोकलं होतं, पण ते संथ. रॅपच्या वेगात हे करणं म्हणजे जिभेचा व्यायामच.

ठेचा_भाकर:
आणि खालचा ठेका जे डिलाचा, तो विसरू नका. त्यातलं 'ड्रॉप' हे ओरडणं बीस्टी बॉइजच्या गाण्यातून उचललेलं.

सुरंगी:
उचललेलं म्हणजे चोरलेलं? सँपलला शब्द सांगा कोणीतरी.

जुनी_पेठ:
नमुना.

ठेचा_भाकर:
"काय नमुना आहे!" असं आम्ही माणसाला म्हणतो. ठिगळ म्हणा. गोधडीतलं ठिगळ, जुनं कापड, नवी ऊब.

पडवीतला_पंखा:
अहो, माझी पाटी! शिवाय कार्यक्रमाच्या नावात 'स्वतंत्र हिप-हॉप' लिहिलंय. ते तरी चालेल?

सुरंगी:
'अपक्ष हिप-हॉप' लिहा. अनामत जप्त झाली तरी उभे राहतात.

जुनी_पेठ:
थट्टा पुरे. मोठ्या कंपनीच्या आधाराविना केलेलं, एवढाच अर्थ ना? 'स्वयंभू'.

ठेचा_भाकर:
स्वयंभू गणपती असतो. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली 'आफत' आयपॅडवर केलं, मुद्रणही आणि चित्रणही. त्याला आम्ही 'घरचं' म्हणतो. घरचं लोणचं तसं घरचं रॅप.

जुनी_पेठ:
फारसाइडला तर डेलिशस व्हिनिल ही कंपनी होती. मग ते घरचं कसं?

ठेचा_भाकर:
छोटी कंपनी. शेजारचं म्हणा.

मिक्सरवाला:
आत्ताच मुलीच्या आवाजात दोन्ही शब्द मुद्रित करून शेवटाकडून वाजवले. 'उरफाटा'चं 'आटाफ्रु' होतं, 'उफराटा'चं 'आटार्फु'. मुलीचं मत आटाफ्रुला.

पडवीतला_पंखा:
पाटी छापायला उद्या दुपारपर्यंत द्यायची आहे हो.

सुरंगी:
आटार्फु. छापील मराठीत तेच असणार.